वाऱ्याला नंबर देणारा फ्रान्सिस ब्यूफोर्ट, आणि गच्चीवरचं बंद पडलेलं यंत्र

अरबी समुद्रात वादळ उठलं की मोबाइलवर आकडे येऊन आदळायला लागतात. वारे ताशी ६५ किलोमीटर, मध्येच झोत ताशी ८५ किलोमीटर. आकडा तर कळला, पण ६५ म्हणजे नक्की काय? छत्री उलटी होईल, फांदी मोडेल की घराचं छप्पर उडेल? गाडी तर रोज याच वेगानं पळते, मग घाबरायचं कशाला, असंही कुणाच्या मनात येतं.

हल्ली काही हौशी लोक गच्चीवर हवामान मोजणारं छोटं यंत्र बसवतात. खांबावर तीन वाट्या गरगर फिरतात आणि घरातल्या स्क्रीनवर वाऱ्याचा वेग दिसतो. मजा येते. पण दोन-चार पावसाळे गेले की वाट्यांच्या खालचं बेअरिंग अडकतं. मग बाहेर नारळाची झाडं वाकलेली असतात आणि स्क्रीन मात्र ठामपणे सांगते, वारा शून्य.

अशा वेळी दोन प्रश्न उभे राहतात. यंत्र नसताना वारा मोजायचा कसा? आणि हे बंद पडलेलं यंत्र टाकायचं कुठं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोनशे वर्षांपूर्वी एका जहाजाच्या कप्तानानं आपल्या डायरीत लिहून ठेवलं होतं. त्याचं नाव फ्रान्सिस ब्यूफोर्ट. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या काळात नव्हतं, पण त्याच्या आयुष्याची गोष्ट वाचली की तेही सापडतं.

चुकीच्या नकाशानं दिलेला पहिला धडा

ब्यूफोर्टचा जन्म २७ मे १७७४ चा, आयर्लंडमधल्या नेव्हन गावचा. वडील डॅनियल ऑगस्टस ब्यूफोर्ट हे पाद्री होते, पण त्यांचा जीव नकाशांत. १७९२ मध्ये त्यांनी आयर्लंडचा एक नावाजलेला नकाशा प्रसिद्ध केला. म्हणजे घरात देवाच्या पुस्तकाइतकीच मोजपट्टीलाही किंमत होती.

पोराला मात्र समुद्राचं वेड. शाळा चौदाव्या वर्षीच सुटली. डब्लिनजवळच्या डन्सिंक वेधशाळेत काही महिने खगोलशास्त्राचे धडे घेतले आणि १७८९ मध्ये स्वारी ईस्ट इंडिया कंपनीच्या व्हॅन्सिटार्ट नावाच्या जहाजावर चढली. जहाज निघालं होतं पूर्वेकडं.

आजच्या इंडोनेशियाच्या पाण्यात, गॅस्पर सामुद्रधुनीजवळ, हे जहाज खडकावर आदळलं. त्या भागाचे नकाशे भरवशाचे नव्हते. कागदावर जिथं मोकळं पाणी दाखवलं होतं, तिथं खाली दगड होता. जहाज गेलं. पंधरा वर्षांचा ब्यूफोर्ट वाचला.

बाकीच्यांनी नशिबाचे आभार मानले असतील. या पोराच्या डोक्यात मात्र एक गोष्ट पक्की बसली. समुद्रावर माणसं नुसत्या वादळानं मरत नाहीत, चुकीच्या माहितीनंही मरतात. आणि ती माहिती आधी तिथून गेलेल्या कुणीतरी नीट लिहिली नाही, म्हणून मरतात.

एकोणीस जखमा आणि एक रटाळ जहाज

१७९० मध्ये तो ब्रिटिश नौदलात दाखल झाला. हा काळ युरोपातल्या लढायांचा होता. २८ ऑक्टोबर १८०० रोजी स्पेनच्या किनाऱ्यावर फुएंगिरोला इथं शत्रूच्या जहाजावर चढाई करताना त्याला एकोणीस जखमा झाल्या. काही तलवारीच्या, बाकीच्या बंदुकीच्या. जीव वाचला, बढती मिळाली आणि सोबत वर्षाला ४५ पौंडांचं पेन्शन. पण हातात जहाज नाही.

बरा होत असताना तो आयर्लंडमध्ये मेहुण्याकडं कामाला लागला. मेहुणा म्हणजे रिचर्ड लोव्हेल एजवर्थ, त्या काळातला खटपट्या संशोधक. दोघांनी मिळून १८०३-०४ मध्ये डब्लिनपासून गॉलवेपर्यंत खुणांनी निरोप पाठवणारी मनोऱ्यांची साखळी उभी केली. एका मनोऱ्यावरची खूण दुसऱ्यानं बघायची, तशीच पुढं दाखवायची. इथं एक गोष्ट फार महत्त्वाची असते. खुणेचा अर्थ पहिल्या आणि शेवटच्या माणसासाठी अगदी एकच असला पाहिजे. मधल्या कुणी आपल्या मनानं अर्थ लावला की निरोप बिघडलाच.

१८०५ मध्ये अखेर जहाज मिळालं. नाव वुलविच. पण ही काही लढाऊ युद्धनौका उरली नव्हती, तिचं सामान वाहणारं जहाज झालं होतं. लढाईत अंगावर एकोणीस जखमा घेतलेल्या अधिकाऱ्याला दोरखंड, शिडं आणि पिंपं पोचवायचं काम. ब्यूफोर्टला ते लागलं, मनातून फार लागलं.

पण बघा, नेमक्या याच रटाळ जहाजावर त्याच्या हातून ते काम झालं ज्यामुळं आज आपण त्याचं नाव घेतो.

१३ जानेवारी १८०६

जहाजावर रोज नोंदवही लिहायची पद्धत होती. वारा कुठल्या दिशेनं आहे, किती जोराचा आहे, आकाश कसं आहे. दिशा सांगणं सोपं होतं, होकायंत्र होतं. जोराचं काय? तिथं प्रत्येक जण आपल्या शब्दांत लिहायचा. एकानं जोराचा वारा लिहिलं, दुसऱ्यानं त्याच वाऱ्याला बरा वारा म्हटलं. ज्यानं आयुष्यात मोठं तुफान पाहिलंय त्याला साध्या सोसाट्याचं काही वाटत नाही. नव्या पोराला मात्र तेच जगबुडीसारखं वाटतं. दोन जहाजांच्या वह्या शेजारी ठेवल्या, तर त्यांची तुलनाच करता येत नव्हती.

१३ जानेवारी १८०६ रोजी ब्यूफोर्टनं आपल्या खासगी डायरीत ठरवून टाकलं की यापुढं वाऱ्याच्या जोराचा अंदाज आपण आकड्यांत लिहायचा. शून्यापासून तेरापर्यंत. पुढच्या वर्षी त्यात काटछाट झाली आणि शून्य ते बारा असे तेरा टप्पे कायम झाले. हवेसाठी त्यानं अक्षरंही ठरवली. निळं आकाश, ढग, पाऊस, धुकं, प्रत्येकाला एकेक अक्षर. पानभर वर्णनाऐवजी एका ओळीत अख्खा दिवस.

ही कल्पना पूर्णपणे त्याची होती का? नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. इंजिनियर जॉन स्मीटननं १७५९ मध्ये पवनचक्क्यांचा अभ्यास करताना वाऱ्याचे टप्पे पाडले होते. ब्रिटिश नौदलाचा पहिला नकाशा-प्रमुख अलेक्झांडर डॅलरिंपल यानं तशी श्रेणी जहाजांसाठी सुचवली होती, आणि ब्यूफोर्टची त्याच्याशी ओळख होती. मग ब्यूफोर्टचं मोठेपण कशात?

ते आहे पुढच्या पायरीत. नुसता आकडा देऊन भागत नाही. माझा सात आणि तुमचा सात एकच आहे, हे कशावरून ठरवायचं? ब्यूफोर्टनं त्यासाठी असं काहीतरी शोधलं जे नौदलातल्या प्रत्येक कप्तानाच्या डोळ्यांसमोर चोवीस तास असायचं. जहाजाची शिडं.

एक म्हणजे सुकाणूला जेमतेम दाद मिळेल इतका वारा. दोन ते चार म्हणजे सगळी शिडं उभारलेली चांगली युद्धनौका सपाट पाण्यात किती नॉट वेगानं जाईल, त्यावरून. पाच ते नऊ म्हणजे शत्रूचा पाठलाग करताना तिला कुठली शिडं पेलतील आणि कुठली आवरून घ्यावी लागतील, त्यावरून. दहाला एक-दोनच शिडं, तीही आखडून बांधलेली. अकराला फक्त वादळासाठीची छोटी शिडं. आणि बारा म्हणजे असा वारा, ज्यापुढं कुठलंच कापड टिकत नाही.

नीट पाहिलं तर इथं वाऱ्याचा वेग कुठंच नाही. किलोमीटर नाहीत, यंत्र नाही. वारा काय करतो हे बघायचं आणि त्यावरून तो किती आहे हे सांगायचं. घाबरट कप्तान असो की निधड्या छातीचा, शिड आवरावं लागलं म्हणजे लागलं. मताला तिथं जागा नाही.

डायरीतून सगळ्या जहाजांवर

इतकी कामाची गोष्ट, पण ती बरीच वर्षं ब्यूफोर्टच्या डायरीतच राहिली. तो स्वतः मात्र मोजत राहिला. वुलविचवरून त्यानं दक्षिण अमेरिकेतल्या रिओ दे ला प्लाता नदीच्या मुखाची पाहणी केली. १८११-१२ मध्ये तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याचं सर्वेक्षण केलं. तिथंच आयास गावाजवळ त्याच्या तुकडीवर हल्ला झाला आणि त्याच्या कमरेजवळ गोळी लागली. महिनोन्‌महिने अंथरुणात गेले. त्यानंतर समुद्रावर जहाज चालवणं त्याच्या नशिबी पुन्हा आलं नाही.

अडतिसाव्या वर्षी समुद्र संपला. पुढची सतरा वर्षं अर्ध्या पगारावर, घरी बसून नकाशे रेखाटण्यात आणि शास्त्रज्ञांच्या सोबतीत गेली. १८१७ मध्ये तुर्की किनाऱ्यावरचं कारामेनिया हे त्याचं पुस्तक आलं. तो हवेची रोजची नोंद मात्र चुकवत नव्हता. तरुणपणी लागलेली ही सवय त्यानं म्हातारपणापर्यंत सोडली नाही.

१८२९ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्याला नौदलाच्या नकाशा विभागाचं प्रमुख केलं. ज्या वयात लोक निवृत्तीच्या गोष्टी करतात त्या वयात या माणसाचं खरं काम सुरू झालं. पुढची सव्वीस वर्षं तो त्या खुर्चीवर होता. जगभर सर्वेक्षणाची जहाजं गेली आणि जवळपास दीड हजार नवे नकाशे तयार झाले. भरती-ओहोटीची तक्तेवजा पुस्तकं निघायला लागली. लहानपणी चुकीच्या नकाशापायी बुडालेल्या पोरानं घेतलेला हा सगळ्यात सुंदर बदला म्हणायला हवा.

याच खुर्चीवर असताना एका तरुण कप्तानानं त्याच्याकडं एक मागणी केली. लांबच्या सफरीवर सोबतीला निसर्गाचा अभ्यास असलेला, चार गोष्टी बोलता येतील असा माणूस हवा. ब्यूफोर्टनं केंब्रिजमधल्या ओळखीच्या लोकांना विचारलं आणि फिरत फिरत नाव आलं चार्ल्स डार्विनचं. तो कप्तान म्हणजे रॉबर्ट फिट्झरॉय आणि जहाज म्हणजे बीगल.

१८३१ ते १८३६ या बीगलच्या सफरीत डार्विननं काय पाहिलं हे जगाला माहीत आहे. पण त्याच सफरीत आणखी एक गोष्ट झाली. ब्यूफोर्टची वाऱ्याची श्रेणी जहाजाच्या अधिकृत नोंदवहीत रीतसर वापरली गेली. १८३८ मध्ये ती ब्रिटिश नौदलाच्या सगळ्या जहाजांना सक्तीची झाली. डायरीत लिहिल्यापासून बत्तीस वर्षांनी.

१८४८ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. १८५५ मध्ये, एक्क्याऐंशीव्या वर्षाच्या आसपास, त्यानं काम थांबवलं आणि १७ डिसेंबर १८५७ रोजी इंग्लंडमधल्या होव्ह इथं तो गेला. कॅनडाच्या उत्तरेचा बर्फाळ समुद्र आज ब्यूफोर्ट समुद्र म्हणून ओळखला जातो.

शिडं गेली, श्रेणी राहिली

मग एक मोठी अडचण आली. वाफेची जहाजं आली आणि शिडंच गेली. ज्या पट्टीवर मोजायचं तीच पट्टी नाहीशी झाली. ब्यूफोर्टची श्रेणी तिथंच संपायला हवी होती.

पण तिचा गाभा शिडांत नव्हता. प्रत्येकाच्या नजरेसमोर असलेल्या गोष्टीवर वारा काय परिणाम करतो ते बघा, एवढाच तो गाभा होता. म्हणून लोकांनी फक्त बघायची गोष्ट बदलली. १९०६ मध्ये ब्रिटिश हवामान शास्त्रज्ञ जॉर्ज सिम्पसन यानं जमिनीवरच्या खुणा आणि प्रत्येक टप्प्याला साजेसा वाऱ्याचा वेग यांची सांगड घातली. हाच सिम्पसन त्यानंतर भारतीय हवामान खात्यात कामाला आला आणि सिमल्यात त्यानं बरीच वर्षं काढली. पुढं पीटर पीटरसन या जर्मन कप्तानानं लाटांच्या रूपावरून समुद्रासाठीच्या खुणा लिहिल्या.

आता आपल्या अंगणात उभं राहून ही श्रेणी वाचूया. यंत्र लागत नाही.

शून्य: उदबत्तीचा धूर सरळ वर जातो. ताशी १ किलोमीटरपेक्षा कमी.

एक: धूर एका बाजूला कलतो, बाकी काही हलत नाही. १ ते ५ किलोमीटर.

दोन: चेहऱ्यावर वारा जाणवतो, पिंपळाची पानं सळसळतात. ६ ते ११.

तीन: पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात, हलकं निशाण फडकतं. १२ ते १९.

चार: धूळ आणि कागदाचे कपटे उडतात, लहान फांद्या हलतात. २० ते २८.

पाच: छोटी झाडं डोलायला लागतात. २९ ते ३८.

सहा: मोठ्या फांद्या हलतात, तारांमधून शीळ ऐकू येते, छत्री सांभाळणं अवघड. ३९ ते ४९.

सात: अख्खं झाड हलतं, वाऱ्याच्या तोंडावर चालताना जोर लावावा लागतो. ५० ते ६१.

आठ: डहाळ्या मोडून पडतात, चालणं कठीण. ६२ ते ७४.

नऊ: कौलं सरकतात, घरांचं किरकोळ नुकसान. ७५ ते ८८.

दहा: झाडं मुळासकट पडतात. ८९ ते १०२.

अकरा: दूरवर नासधूस. १०३ ते ११७.

बारा: हाहाकार. ताशी ११८ किलोमीटर आणि त्यापुढं.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का? ताशी ६५ किलोमीटर म्हणजे आठ. फांद्या मोडतात, बाहेर पडू नये. आणि ८५ चे झोत म्हणजे नऊ. कौलं सरकतात. आता आकडा नुसता आकडा राहिला नाही.

अजून एक गंमत बघा. आपलं हवामान खातं वादळांना जी नावं देतं त्यांच्या सीमारेषा याच पायऱ्यांवर बरोबर बसतात. कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होऊन वारे ताशी ६२ किलोमीटरला पोचले की त्याला चक्रीवादळ म्हणतात. ही आठची पायरी. ८९ ला ते तीव्र चक्रीवादळ होतं, म्हणजे दहा. ११८ ला अति तीव्र, म्हणजे बारा. ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला निसर्ग वादळ धडकलं तेव्हा वारे ताशी १०० ते ११० किलोमीटर आणि झोत १२० चे होते. ब्यूफोर्टच्या भाषेत अकराची पायरी, आणि झोत बाराला टेकलेले. पडलेल्या नारळी-पोफळीच्या बागा पाहिलेल्या कोकणातल्या माणसाला ही पायरी वेगळी समजवावी लागत नाही.

फक्त एक चूक करू नका. आठ म्हणजे चारच्या दुप्पट नव्हे. चारचा मधला वेग ताशी २४ किलोमीटर, आठचा ६८. वेग पावणेतीनपटीहून थोडा जास्त. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून भिंतीवर, होर्डिंगवर, पत्र्यावर पडणारा जोर होतो सुमारे आठपट. ताशी ६५ चा वारा आणि ६५ नं पळणारी गाडी यांची तुलना म्हणूनच फसवी. गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढल्यावर लागणारा तो जोर अख्ख्या पत्र्याच्या छपरावर पडतोय, असं समजा.

गच्चीवरच्या वाट्या कुठून आल्या?

यंत्राची गोष्टही ब्यूफोर्टच्या घरातूनच जाते. फिरणाऱ्या वाट्यांचा पवनवेगमापक १८४६ मध्ये आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेच्या थॉमस रॉम्नी रॉबिन्सन यानं लोकांसमोर मांडला. या रॉबिन्सनची बायको लुसी ही त्या खटपट्या एजवर्थची मुलगी, म्हणजे ब्यूफोर्टची सख्खी भाची. तेव्हा वाट्या चार होत्या. आज दिसतात त्या तीन वाट्या १९२६ मध्ये जॉन पॅटरसन या कॅनडाच्या शास्त्रज्ञानं आणल्या.

रॉबिन्सनचा एक अंदाज मात्र चुकला. त्याला वाटलं, वाट्यांचा आकार कसाही असो, त्या वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगानंच फिरतात. पुढं कळलं की हे प्रमाण वाटीच्या मापावर आणि तिच्या दांड्याच्या लांबीवर अवलंबून असतं. म्हणजे यंत्र आहे म्हणून आकडा खरा, असं होत नाही. त्या यंत्राची खात्रीच्या यंत्राशी तुलना करावी लागते.

आपल्याकडं हे काम पुण्यात झालं. १९४८ पासून हवामान खात्याच्या पुण्यातल्या उपकरण विभागात अ‍ॅना मणी यांनी शंभरेक उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, म्हणजे देशात कुठंही बनवलं तरी उपकरण एकाच मापानं मोजेल. पुढं भारतातल्या वाऱ्याच्या नोंदींचा ग्रंथही त्यांनी तयार केला, जो पवनऊर्जेसाठी उपयोगी पडला. वारा मोजण्याआधी मोजणारी वस्तू तपासा, हा ब्यूफोर्टचाच धडा.

म्हणून तुमच्या गच्चीवरच्या आकड्याकडं बघताना तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, एकक. काही यंत्रं सेकंदाला मीटर दाखवतात, काही ताशी मैल, काही नॉट. सेकंदाला १० मीटर म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. बातमीतल्या आकड्याशी ताडण्याआधी हे बघा.

दोन, जागा. हवामान खात्याचा वारा मोकळ्या जागेत, जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेला असतो. आजूबाजूचा अडथळा जेवढा उंच, त्याच्या किमान दहापट लांब यंत्र असावं लागतं. बाल्कनीतलं यंत्र शहरातला वारा मोजत नाही, दोन इमारतींमधल्या बोळातला वारा मोजतो.

तीन, सरासरी आणि झोत. जगभरच्या रीतीप्रमाणं वारा दहा मिनिटांच्या सरासरीनं सांगतात आणि झोत तीन सेकंदांचा. तुमच्या स्क्रीनवर क्षणभर चमकलेला सगळ्यात मोठा आकडा बहुधा झोत असतो. तोच वारा म्हणून ग्रुपवर टाकला तर शेजारीपाजारी उगाच घाबरतात.

आणि शंका आली तर खिडकीतून झाडाकडं बघा. स्क्रीन शून्य दाखवतेय आणि फांद्या हलतायत, तर खोटं कोण बोलतंय हे उघड आहे.

बंद पडलेलं यंत्र टाकायचं कसं?

आता दुसरा प्रश्न. यंत्र खरंच मेलंय का, हे आधी तपासा. बऱ्याचदा बेअरिंगमध्ये धूळ किंवा कोळ्याचं जाळं अडकलेलं असतं, नाहीतर सेल संपलेले असतात. साफसफाई आणि नवे सेल यांनी काम भागलं तर उत्तमच. थोडंफार चालत असेल तर जवळच्या शाळेला विचारा. विज्ञानाच्या तासाला वाट्या हातानं फिरवून दाखवायलाही ते कामी येतं.

टाकायचंच ठरलं तर पहिल्यांदा त्यातले सेल काढा. बाहेरच्या भागात बऱ्याचदा सौरपट्टी आणि पुन्हा चार्ज होणारी बॅटरी असते, आतल्या स्क्रीनच्या मागं वेगळे सेल असतात. दोन्हीकडं बघा. लिथियमच्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा, कारण कचऱ्यात दोन टोकं धातूनं जोडली गेली तर आग लागू शकते. गळालेला सेल उघड्या हातानं धरू नका.

यंत्र घरच्या वायफायला जोडलेलं असेल तर त्यातली माहिती पुसा. त्यात तुमचा पासवर्ड असतो, आणि त्याच्या अ‍ॅपवर घराचं ठिकाणही. यंत्र मूळ स्थितीवर आणा, अ‍ॅपमधून ते काढून टाका.

मग सर्किट असलेले भाग ई-कचऱ्यात द्या. बऱ्याच महापालिका ठरावीक दिवशी किंवा केंद्रांवर ई-कचरा घेतात, आणि परवानाधारक पुनर्वापर करणारेही असतात. सेल आणि बॅटऱ्या वेगळ्या पिशवीत. लोखंडी खांब आणि क्लॅम्प भंगारवाल्याला खुशाल द्या, पण सर्किट आणि बॅटरी त्यात ढकलू नका. उघड्यावर वायर जाळून तांबं काढतात, तेव्हा तो धूर कुणाच्या तरी पोराच्या छातीत जातो.

आणि घरात आजोबांच्या वेळचा पाऱ्याचा वायुदाबमापक किंवा तापमापक असेल तर जास्त सांभाळून. तो फोडू नका, पारा सिंकमध्ये ओतू नका. पाऱ्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही, पण विषारी असते. वस्तू उभी, नीट गुंडाळून, झाकणाच्या डब्यात ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्यांनाच द्या. फुटलाच तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, आणि झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात फिरवू नका. त्यानं पारा आणखी पसरतो.

हा सगळा खटाटोप कशासाठी? पुन्हा त्या पंधरा वर्षांच्या पोराकडं बघा. आधी गेलेल्या कुणीतरी खडकाची नोंद नीट केली नव्हती, म्हणून त्याचं जहाज फुटलं. मग आयुष्यभर तो एकच काम करत राहिला. मागून येणाऱ्याला पुढचा धोका कळेल, असं लिहून ठेवणं. कचऱ्याच्या पिशवीत हात घालणारा सफाई कामगार हाही आपल्या मागून येणाराच असतो. पिशवीत खडक लपवून ठेवायचा नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

यंत्र गेलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. सकाळी गच्चीवर जा, झाडाकडं बघा आणि वहीत तारीख घालून एक आकडा लिहा. तीन, चार, जो असेल तो. ब्यूफोर्टनंही सुरुवात एका डायरीतूनच केली होती.